हाकेची जागा

एकदा एका शिष्येला राखेत पावलांचे ठसे दिसले, आणि ते तिचे नव्हते.

ही राख खरी नव्हती, हे आधीच सांगायला हवे. दोन तळहातांत मावणाऱ्या खेळाच्या यंत्रात ते एक राज्य होते. आकाश झाकोळलेले, वाटा राखेने बुजलेल्या, मधूनमधून दगडी दीपस्तंभ आणि सर्वांच्या शेवटी एक बंद महाद्वार. हाती कंदील घेतलेल्या एका लहानग्या मुलीला या राज्यातून चालवत न्यायचे, वाटेतली कोडी सोडवायची आणि ते द्वार उघडायचे, असा तो खेळ. शिष्या त्या दिवशी एका जुन्याच दीपस्तंभापाशी परत आली होती. मुलीच्या चिमुकल्या पावलांशेजारी तिला तीन बोटांचे, परातीएवढे ठसे दिसले. ते दीपस्तंभापर्यंत आले होते आणि तिथूनच मागे वळले होते. शिष्या इतकी दचकली की यंत्र गादीवर टाकून तिने खोलीतला दिवा लावला. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे गेली. बाई म्हणजे गणिताच्या वृद्ध निवृत्त शिक्षिका. त्यांचे बालपण डोंगरातल्या वाडीवर गुरांमागे गेले होते आणि उरलेले आयुष्य फळ्यासमोर. शाळा सुटून सात वर्षे झाली, पदवीही मिळाली, तरी काही अडले की शिष्येचे पाय बाईंच्याच जिन्याकडे वळत. बाई मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. तिचे सगळे ऐकून घेत त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"डबी बिघडलीये म्हणतेस, की तू घाबरलीयेस म्हणतेस? दोन्हींची दुकानं वेगळी असतात."

शिष्येने नीट सांगितले. महाद्वाराला दोन दगडी चाके आहेत आणि ती एकाच वेळी फिरवावी लागतात. ते एकट्याचे काम नाही. त्यासाठी मुलीला एक शंख मिळाला आहे. तो वाजवला की सोबती येईल, असे खेळाच्या आरंभीच सांगितले आहे. तिने नऊ दीपस्तंभांपाशी नऊ वेळा शंख वाजवला. कोणी आले नाही. आणि आता वर हे भलतेच ठसे.

पण एका खेळासाठी डोळ्यांखाली काळी वर्तुळे का, असे बाईंनी विचारले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. यंत्र ताईचे होते. दोघी बहिणी मिळून खेळत. कोडी शिष्या सोडवी आणि अंधारातून ताई नेई. सहा महिन्यांपूर्वी ताईने घरच्यांच्या मनाविरुद्ध नोंदणी पद्धतीने लग्न केले. तिसरी साक्षीदार म्हणून शिष्या सही करणार होती, तसा शब्द तिने दिला होता. ती कचेरीच्या फाटकापर्यंत गेलीसुद्धा. आत कोणीतरी मोठ्याने नाव पुकारले आणि तिचे पाय आपोआप मागे फिरले. शेवटी समोरच्या झेरॉक्सवाल्याने सही केली म्हणे. ताई नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेली, यंत्र मागे राहिले. आता शिष्येच्या मनात एकच होते. महाद्वार उघडायचे, त्याचा फोटो ताईला पाठवायचा. तिला हसू आले तर पुढचे बोलता येईल. नाही आले तर ताई कायमची गेली, असे समजायचे.

एवढा वळसा घेण्यापेक्षा सरळ फोन का करत नाहीस, असे बाई म्हणाल्या. केला होता, पुष्कळदा केला होता, ताई घेतच नाही, असे शिष्येने सांगितले.

बाईंनी यंत्राकडे बोट दाखवले. शंख वाजवून दाखव, एवढेच म्हणाल्या.

शिष्येने शंख वाजवला आणि त्याच क्षणी तिचा अंगठा पुढे झाला. पडद्यावरची मुलगी पुढच्या दीपस्तंभाकडे धावू लागली. बाईंनी पुन्हा वाजवायला सांगितले. तिने पुन्हा वाजवला. या वेळी मात्र तिचा अंगठा हलण्याआधीच बाईंनी यंत्र तिच्या हातातून काढून घेतले, चुकीचे उदाहरण लिहिणाऱ्या मुलाच्या हातचा खडू काढून घ्यावा तसे. ते जमिनीवर नीट ठेवले आणि त्या पुन्हा वाल सोलू लागल्या.

शिष्येला काही कळेना. पडद्यावर चहूकडून सावल्या निघाल्या होत्या. शंखाच्या आवाजाने त्या जाग्या होतात, म्हणून तर ती पळत असे. तिने तसे अजिजीने सांगितलेही. बाईंनी वालांचे भांडे तिच्याकडे सरकवले.

"सोल."

ती सोलू लागली. वाल बोटांतून निसटत होते. सावल्या जवळ आल्या, कंदिलाच्या उजेडाच्या कडेपर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. त्या उजेडात येऊच शकत नव्हत्या. हे तिने आजवर पाहिले नव्हते, कारण इतका वेळ ती कधी थांबलीच नव्हती. मूठभर वाल सोलून झाले. मग यंत्रातून धप्प, धप्प असा आवाज आला. खांद्यांवर शेवाळ उगवलेला एक दगडी प्राणी धापा टाकत आला आणि मुलीच्या शेजारी मटकन बसला. त्याच्या पायांना तीन बोटे होती.

बाईंनी ओल्या बोटाने त्याच्यामागचे ठसे दाखवले.

"हा नऊही वेळा आला असणार. तूच नव्हतीस." मग हातातले काम ठेवून त्या म्हणाल्या, "लहानपणी डोंगरात धुकं उतरलं की आम्ही गुराखी पोरं एकमेकांना कुकारा द्यायचो. माझा आजा बजावायचा, कुकारा दिलास की तिथंच बूड टेकून बस. जागा सोडलीस तर शोधणाऱ्याला तुझा आवाज सापडेल, तू नाही सापडणार. हाक मारायला धीर लागत नाही गं, भीतीनंसुद्धा हाक निघते. धीर लागतो तो त्यानंतर, हाकेच्या जागी उभं राहायला. आणि येणाऱ्याला वेळ लागतोच. तो काय आपल्या हाकेसाठी कान लावून दारात बसलेला असतो? त्याचंही काही चाललेलं असतं."

शिष्येने हातातला वाल भांड्यात टाकला. नंतर तिने फोन काढून बाईंसमोर धरला आणि मान खाली घालून खरे ते सांगितले. दोन घंटा झाल्या की ताईचा चढा आवाज आधीच कानात घुमू लागतो आणि ती फोन तोडून टाकते. दर वेळी दोनच घंटा. त्यानंतर दोनतीनदा ताईचा उलट फोन आला होता. तो वाजायचा थांबेपर्यंत तिने फोन उशीखाली दाबून ठेवला होता.

बाई रागावल्या नाहीत.

"ती चिडली तर, बाई?"

"चिडेलच की. झेरॉक्सवाल्याला साक्षीला उभं करावं लागलं तिला. पण चिडायला तरी ती फोनवर येईल ना."

शिष्येला रडता रडता हसू फुटले. महाद्वार अजून पुष्कळ दूर होते. तिने यंत्र बंद करून बाजूला ठेवले आणि ताईचा नंबर लावला.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. अंगठा सवयीने तांबड्या खुणेकडे गेला, तेव्हा तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. तिसरी घंटा तिने आजवर कधी ऐकली नव्हती; ती पहिल्या दोन घंटांसारखीच होती. चौथी. पाचवी. शेजारी बाईंचा हात वालांवर थांबला होता. सहावी. शिष्येने डोळे मिटले, पण ती जागची हलली नाही.

सातवी घंटा मध्येच तुटली. पलीकडे काहीतरी खणखणत खाली पडले.

"थांब, कट करू नकोस," ताई धापा टाकत म्हणाली, "हात कणकेचे आहेत माझे."