कड्यावरची चूल

हुंबाच्या पठारावर, अगदी कड्याच्या टोकाला, तीन दगडांची एक चूल आहे. वर कातळाची फरशी छपरासारखी टेकवलेली. जवळ घर नाही, भांडे नाही, धूर मात्र बाराही महिने. इथे काय शिजते, असे पाहुणे विचारतात. धनगरवाड्यावरचे म्हातारे सांगतात, "हितं काय शिजत न्हाई. हितनं आमी दिसतो."

फार मागे, म्हणे, गोऱ्या साहेबाच्या अमलात, नकाशे करणारी टोळी पलीकडच्या डोंगरावर आली. मधली दरी ओलांडायची तर दिवस मोडणार. म्हणून मोजणीदाराने दुर्बीण लावली. धूर दिसेल तिथे घर मांडायचे. नेमका त्याच दिवशी पठारावर म्हालू झोरे वारला होता. मयत झाले की वाड्याच्या पाचही घरांत चूल पेटत नाही, ही इथली रीत. धूर दिसला नाही. मोजणीदाराने पठारावर सुबक अक्षरांत 'ओसाड' लिहिले आणि तो जेवायला गेला.

वर्षाने कारकून नकाशा घेऊन आला. ओसाड पठार सरकारी जंगलात गेले होते. महिन्यात वाडा उठवायचा होता. म्हालूची बायको सगूबाई दारात उभी राहिली.

"आमी हाय की हितं."

"नकाशात नाही, म्हातारे."

"मग न्हाईत त्यास्नी उठवतोस कसा रं, लेकरा?"

कारकुनाने दरीपलीकडच्या डोंगराकडे बोट केले. तो एवढेच म्हणाला, "त्या डोंगरावरून धूर दिसायला हवा होता."

सगूबाईने घरातली चूल उपटली, तिचे दगड डोक्यावरून कड्यावर नेले आणि शेणी पेटवली. "ह्यो शबुद कागदावनं जाईस्तवर ही इझायची न्हाई. कुनी मेलं तरी."

महिन्याने शिपाई आले. पाचही घरची माणसे चुलीभोवती बसली होती. ती उठली नाहीत. शिपायांनी वर कळवले, ओसाड जागेतली माणसे ऐकत नाहीत. वरून विचारणा आली, कोणती माणसे? हा पत्रव्यवहार तीन पावसाळे चालला, असे सांगतात. शेवटी फेरमोजणी झाली, डोंगरावरून धूर दिसला आणि नकाशात पाच काळे चौकोन उमटले. वाडा वाचला. पण छापलेला शब्द खोडायला वरचा हुकूम लागतो. तो अजून वाटेत आहे.

सगूबाईने नवा नकाशा वाचून घेतला. "शबुद हाय न्हवं? मग लाकडं आना."

आजही नकाशात पाच घरे आहेत आणि त्यांच्यावरून आडवे 'ओसाड' आहे. आजही वाड्यावर कुणी वारले की घरोघरच्या चुली थंड राहतात. पण तिरडी उचलण्याआधी मेलेल्याच्या घरचे माणूस कड्यावर जाते आणि त्या चुलीत ओला पाला घालते. त्या दिवशी धूर दाट लागतो.