चार घोड्यांचा रथ

ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दोन राज्यांमधली हद्द कागदावर नव्हती, ती रथाच्या चाकांनी ठरत असे.

पूर्वेला एक राज्य होतं आणि पश्चिमेला एक. दोन्हींच्या मधे एक मोठं तळं होतं. पूर्वेकडून येताना तळ्याच्या पलीकडे सुतारांचं एक गाव होतं आणि गावाच्याही पुढे डोंगरातली खिंड. त्या तळ्यासाठी पूर्वी लढाया झाल्या होत्या. दोन्हीकडची पुष्कळ माणसं मेली आणि तळं होतं तिथेच राहिलं. शेवटी दोन्ही राज्यांतल्या जाणत्या माणसांनी एकत्र बसून एक तोड काढली. दर बारा वर्षांनी, ठरलेल्या दिवशी, सूर्य उगवताच दोन्ही राजधान्यांतून एकेक रथ निघेल. ते दोन रथ जिथे समोरासमोर येतील, तिथे पुढच्या बारा वर्षांची हद्द. अट एकच. सारथी एकटाच धावत पुढे आला तर ते धरायचं नाही. त्याच्यासोबत त्याचा रथ हवा.

मागच्या खेपेला पूर्वेचा रथ थेट खिंडीपर्यंत पोचला होता. त्यामुळे तळंही पूर्वेचं होतं आणि सुतारांचं गावही.

आता ही बारा वर्षं संपत आली होती, आणि या वेळी पूर्वेच्या राजाचा सारथी होता हैबती.

हैबतीसारखा सारथी त्या मुलखात दुसरा नव्हता, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करत. लगाम हातात आला की घोडे त्याच्या बोटांशी बोलत. भरधाव रथ तो एका चाकावर वळवी आणि वळता वळता हसत असे. त्याला भीती ठाऊकच नव्हती. त्याचा रथही तसाच देखणा होता. सुतारांच्या गावातल्या धोंडाईने तो बांधला होता. नवरा गेल्यावर तिने त्याची करवत आणि लाकूड तासायचा वाकस उचलला होता आणि गेली तीस वर्षं त्या मुलखातली निम्मी चाकं तिच्याच हातची होती.

धोंडाईने रथ बांधला तो दोन घोड्यांसाठी. हैबतीने त्याला चार जोडले.

पहिल्यांदा चार घोड्यांचा रथ घेऊन तो तिच्या अंगणात आला, तेव्हा धोंडाई रथाभोवती एक फेरी मारून आली.

"कसा दिसतो?" हैबतीने विचारलं.

"दिसतो झकास. पळतोही असणार."

"पळतो? उडतो! धोंडाई, अगं, वारा मागे पडतो."

"पडू दे की. पळण्यासाठीच बांधलाय मी त्याला, झाकून ठेवायला नाही," धोंडाई म्हणाली. मग तिने वाकून दोन्ही चाकांना जोडणाऱ्या लाकडी आसावर हात ठेवला. "पण एक ऐक. दोन घोडे ज्या आसाला वर्षभरात झिजवतील, त्याला चार घोडे तीन महिन्यांत झिजवतील. दर पंधरा दिवसांनी रथ माझ्याकडे आण. मी चाक काढीन, आस पाहीन, वंगण भरीन. लांब दौड झाली की चाकाच्या तुंब्यावर, आस जिथे शिरतो त्या मधल्या गाभ्यावर, तळहात ठेवून बघत जा. हात ठेववला तर ठीक. चटका बसला तर तिथेच थांब आणि वंगण घाल."

हैबती हसला. "आणि शत्रूचा सारथी तोवर माझी वाट बघत बसेल, होय ना?"

पहिले दोन महिने तो सांगितल्याप्रमाणे आला. मग महिन्यातून एकदा आला. मग येईनासा झाला. त्याला वेळ कुठे होता? राजधानीत त्याचा रथ निघाला की लोक माड्यांवर गर्दी करत. जत्रेत शर्यती असत आणि तो त्या जिंकत असे. पाहुणे राजे आले की महाराज त्यांना हैबतीच्या रथातून फिरवत. प्रत्येक वेळी तो आदल्या वेळेपेक्षा जास्त जोरात हाकी, कारण लोकांना आदल्या वेळेचा वेग आता नवा वाटत नव्हता.

रथ बाहेरून मात्र लखलखत असे. पितळेच्या पट्ट्या रोज घासल्या जात. लाल रंग वर्षातून दोनदा चढे. आत, तुंब्याच्या अंधारात, जिथे कुणाची नजर पोचत नाही, तिथे लाकूड लाकडाला खात होतं.

एक दिवस रथ करकरू लागला.

आवाज बारीक होता, पण हैबतीच्या कानांतून सुटला नाही. त्याने चाकाशी कान नेला. त्याच्या मनात आलं, उद्या धोंडाईकडे जावं. पण उद्या महाराजांची मिरवणूक होती. मग त्याने दोन्ही चाकांजवळ घुंगरांच्या माळा बांधल्या. करकर ऐकू येईनाशी झाली. लोक म्हणाले, "वा! आता तर रथ गाऊही लागला!" हैबतीला ते आवडलं. थोड्याच दिवसांत, घुंगरं कशासाठी बांधली होती याची आठवणही त्याने मनातून काढून टाकली.

हद्दीच्या शर्यतीला आठ दिवस उरले, तेव्हा धोंडाई स्वतःच राजधानीत आली. म्हातारी दोन दिवस बैलगाडीत बसून आली होती. तिने आधी घुंगरं सोडवली. मग चाक हाताने धरून हलवलं आणि ते आडवं डुलताना पाहिलं.

"आस गेलाय," ती म्हणाली. "नवा घालायला हवा. तीन दिवस दे मला."

"या आठ दिवसांत रोज मिरवणूक आहे, धोंडाई. सगळं शहर रथ बघायला येणार आहे. रथच नसेल तर लोक काय म्हणतील?"

"हैबती, माझं घर तळ्याच्या पलीकडे आहे. हरलास तर मी दुसऱ्या राजाची रयत होईन. मी काय उगाच सांगतेय का?"

"म्हणून तर सांगतो, निर्धास्त राहा." हैबतीने तिचे दोन्ही हात हातात घेतले. तो मनापासून बोलत होता. "मी कधी हरलोय का? दुपारच्या आत मी तुझ्या दारावरून खिंडीकडे जाईन. दारात उभी राहा, बघ."

धोंडाईने आसाभोवती लोखंडाची एक पट्टी ठोकून दिली, दोन्ही तुंब्यांत वंगण भरलं आणि ती परत गेली.

शर्यतीचा दिवस उजाडला. सूर्याची कड दिसताच नगारा वाजला आणि चार घोडे सुटले. शहराच्या वेशीपासून पहिल्या कोसापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. हैबतीने घोड्यांना जराही आवरलं नाही. कशाला आवरायचं? सपाट रस्ता होता, हवा गार होती आणि घोडे ताजे होते. चार कोस मागे पडले. पंच म्हणून घोड्यावरून येणारा राजाचा माणूस पार मागे राहिला.

पाचव्या कोसाला हैबतीला जळल्याचा वास आला. डाव्या चाकाच्या तुंब्यातून धुराची एक बारीक रेघ निघत होती. समोर नाला दिसत होता आणि नाल्यापुढे उन्हात चमकणारं तळं. 'तळं गाठू आणि मग थांबू,' त्याने ठरवलं.

तो नाल्याच्या दगडगोट्यांत शिरला, तसा फाडकन आवाज झाला. आस मोडला. डावं चाक निखळून एकटंच पुढे पळालं आणि पाण्यात आडवं झालं. रथ कलंडला. हैबती वाळूत फेकला गेला.

तो उठला. हाडं शाबूत होती. त्याने मोडलेल्या आसाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो घाबरला.

पण हैबती बसून रडणारा माणूस नव्हता. नाल्याकाठच्या शेतांतली माणसं धावत आली. त्याने ओरडून सांगितलं, "रथ तळ्याच्या पलीकडे न्यायचाय! घोड्यांना ओढू द्या, मोडकी बाजू आपण उचलू!"

बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळ्यांनी खांदे लावले. सगळ्यात पुढे हैबतीचा खांदा होता. एक बाई डोक्यावरचा भारा फेकून आली आणि इतरांना म्हणाली, "बघता काय? आपलं पाणी आहे ते! उचला!" ते दहा पावलं जात, दम खात, पुन्हा उचलत. एक शेत मागे पडलं. मग दुसरं. हैबतीच्या खांद्यावरची कातडी सोलली. तळं इतकं जवळ आलं, की त्यावरची बदकं मोजता आली असती.

तेव्हाच तळ्याच्या बांधावर धूळ दिसली. पश्चिमेचा रथ येत होता.

तो साधा, दोन घोड्यांचा रथ होता. त्याचा सारथी तुळाजी हा जाडजूड, शांत माणूस होता. तो बांध उतरला, मोडक्या रथासमोर येऊन थांबला आणि खाली उतरला. तोवर येऊन पोचलेल्या दोन्हीकडच्या पंचांनी दोन रथांच्या मधे खुंटी ठोकली. तळं खुंटीच्या पलीकडे गेलं. सुतारांचं गावही गेलं.

भारा टाकून आलेली बाई मटकन खाली बसली.

तुळाजीने हैबतीचा रक्ताळलेला खांदा पाहिला. "मला वाटलं होतं, आपण खिंडीत भेटू," तो म्हणाला. "तुझ्यासारखे घोडे मला हाकता येत नाहीत. मी वाटेत तीनदा थांबलो. प्रत्येक वेळी वाटलं, आता आपण हरलो."

"कशासाठी थांबलास?"

"वंगणासाठी. दुसरं कशासाठी?"

महाराज हैबतीवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "पाण्यासाठी आता आपल्याला पश्चिमेला विचारून जावं लागेल." दुसऱ्या दिवशी हैबतीने मोडलेला आस खांद्यावर घेतला आणि चालत निघाला. तळ्यापाशी पश्चिमेच्या पहारेकऱ्याने त्याला अडवलं. "कोण तू? कुणाकडे चाललास?" ज्या वाटेवरून तो बारा वर्षं न विचारता गेला होता, त्या वाटेवर त्याने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि सोडतील तोवर उभा राहिला.

धोंडाई अंगणातच होती. तिने आस घेतला आणि मोडलेलं टोक उजेडात धरलं. वरून रंग शाबूत होता. आत लाकूड काळं पडून भुगा झालं होतं.

"नाल्यातल्या दगडांनी मोडला," हैबती मान खाली घालून म्हणाला.

"दगडांना दोष नको देऊस. हा रोज थोडा थोडा मोडत होता. त्या दिवशी फक्त आवाज झाला."

"माझ्यावर रागावलीस?"

"रागावले तर आहेच. माझं गाव गेलं." धोंडाईने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "पण रागाने आस तयार होत नाही."

"मला नवा करून दे, धोंडाई. चार घोड्यांचा."

"मी नाही करणार. तू करशील. बस इथे, आणि तो वाकस घे."

हैबती तीन दिवसांसाठी बसला आणि सात महिने राहिला. कुठलं लाकूड भार सोसतं, ते शिकला. कुठलं उन्हात तडकतं, ते शिकला. चाक काढायला आणि चढवायला शिकला. हात वंगणाने काळे झाले आणि काळेच राहिले. रथाचा कुठला आवाज ताकदीचा आणि कुठला दुखण्याचा, हे त्याला डोळे मिटून कळू लागलं. परत आला तेव्हा दरबारातल्या लोकांना वाटलं, हा आता भित्रा झाला असेल, दोनच घोडे जोडील आणि जपून हाकील. हैबतीने चारच जोडले. पूर्वीइतकाच जोरात हाकला. फक्त मिरवणुकीच्या दिवशी रथ सुताराकडे असला, तर तो मिरवणुकीत पायी चालत असे.

पुन्हा बारा वर्षं झाली. धोंडाई त्याआधीच गेली होती. तिच्याकडून शिकून स्वतः बनवलेल्या नव्या आसावर हैबती सूर्योदयाला निघाला. चौथ्या कोसाला त्याने रथ थांबवला. रस्त्याकडेचे लोक बेभान झाले. "थांबतोस काय? पळव! पळव!" त्याने कुणाकडे पाहिलं नाही. घाई न करता दोन्ही तुंब्यांत वंगण घातलं, चाकाची खीळ तपासली आणि मग घोड्यांना असं सोडलं, की नाल्यातलं पाणी दोन्ही बाजूंना भिंतीसारखं उठलं. तळं ओलांडून, बांध उतरून, आठव्या कोसाला तो पुन्हा थांबला. तिथून पुढे तो सुतारांच्या गावाच्या वेशीपासून एका शेताच्या अंतरावर तुळाजीला भेटला. तुळाजीचे केस पांढरे झाले होते. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि पंचांनी खुंटी ठोकली.

तळं परत मिळालं. गाव पलीकडेच राहिलं.

संध्याकाळी महाराज स्वतः तळ्यावर आले. लोक पाण्यात उतरून नाचत होते. महाराज खुंटीपाशी उभे राहून त्या गावाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"एकच शेत उरलं होतं, हैबती," ते म्हणाले. "दोनदा थांबला नसतास, तर गावही आपलं झालं असतं."

"महाराज," हैबती म्हणाला, "थांबलो नसतो, तर तळंही झालं नसतं."

ज्याला वेग हवा, त्याने त्या वेगाने होणारी झीज वेळेवर भरून काढावी.