न येणाऱ्यांचा होकार

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. एका काठावर गाव होतं आणि दुसऱ्या काठावर गावाचीच वाडी. मधल्या पाण्यात भागूआक्काची नाव चाले. आक्कानं वल्हं टाकलं की भोवरा बाजूला सरे, असं म्हणतात.

गावाची सभा चावडीपुढे भरायची. तिथला रिवाज जुना होता: जो सभेला येणार नाही, त्याचा होकार धरायचा. वाडीतली म्हातारी माणसं थकली होती, त्यांना नावेत चढणं जमेना. जायचं ते तरण्यांनी. पण तरणी पोरं कधी गेली नाहीत. सभा म्हणजे म्हाताऱ्यांचं खोकणं, असं ती म्हणत.

एका वर्षी देवळापुढे मंडप बांधायचं निघालं. लाकूड हवं होतं. वाडीच्या काठावर करंज-जांभळांची जुनी राई होती, ती तोडावी असं पाटलांच्या मनात आलं. त्या झाडांच्या मुळांनीच काठ धरून ठेवला होता. वाडीत हे सगळ्यांनाच माहीत होतं.

सभेच्या दिवशी आक्का नाव बांधून वाडीत गेली. पोरं पारावर सोंगट्या खेळत बसली होती.

"उठा रे. आज झाडांचा निवाडा आहे."

"आक्का, नाव रिकामी जाते म्हणून आम्हाला भरतेस होय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

दौलती त्यांच्यातला पुढारी. तो म्हणाला, "आमचा नकारच आहे गं. म्हणून तर येत नाही."

"अरे, तुझं न येणं तिथं होकार म्हणून धरतात."

"धरू देत. तोडायला आले की बघू. कुऱ्हाडी काय आमच्याकडे नाहीत?"

आक्का नावेकडे वळली. मग एकटीच गेली.

सभेत तिनं एकटीनंच "नाही" म्हटलं. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "वाडीचं आणखी कोणी?" मग रिवाजाप्रमाणे बाकी साऱ्या वाडीचा होकार धरला. राई तुटू लागली तेव्हा पोरं कुऱ्हाडी घेऊन धावली खरी. पाटलांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी कुठं होता रे?" पोरांनी कुऱ्हाडी खाली टेकवल्या.

मंडप उभा राहिला. फार देखणा होता, असं म्हणतात.

पुढच्या भाद्रपदात नदी चढली. उघडा पडलेला काठ ढासळू लागला आणि घरं एकेक करून पाण्यात बसली. आक्कानं नाव सोडली. नाव लहानच, पण त्या दिवशी जेवढी माणसं चढली तेवढी तिच्यात मावली. शेरडं, वासरंही मावली. लाटा तिच्यापुढे वाकत होत्या, असं म्हणतात.

शेवटी दौलतीची आई तेवढी पलीकडे वाडीत राहिली. तिला आणायला दौलती पुन्हा नावेत चढू लागला. आक्का म्हणाली, "तू थांब बाबा. म्हातारीला आडवं निजवून आणायला लागेल."

नाव परत आली. आत म्हातारी होती. वल्हं आपोआप चालत होतं, पण आक्का नव्हती. म्हातारी पुढे बरीच वर्षं जगली. कुणी विचारलं की म्हणायची, "ती मध्येच उतरली."

पुढच्या सभेला दौलती सगळ्यांच्या आधी येऊन बसला. त्याला बोलता येईना. पाटील थांबले, सगळा गाव थांबला. तो बोलेपर्यंत कुणाचाच होकार धरला नाही; त्या दिवशी तो जुना रिवाज मोडला.

आता पूल आहे, वाडी नाही. पण त्या गावच्या ग्रामसभेत पहिला बोल वयात आलेल्यांमधल्या सगळ्यात धाकट्याचा असतो. त्याला आक्काचा बोल म्हणतात. तो होईपर्यंत सरपंचही तोंड उघडत नाहीत. धाकटं माणूस बहुधा लाजतं. दिव्याच्या खांबाचं, नाहीतर शाळेच्या नळाचं काहीतरी सांगतं. कुणी हसत नाही. आणि तरुण कुणी आलंच नाही, तर होकार धरत नाहीत, नकारही धरत नाहीत. सभा नुसती बसून राहते. मागे एकदा दिवस कलेपर्यंत बसली होती, असं म्हणतात. मग एक मुलगी शेतातून तशीच आली, चिखलाच्या पायांनी. म्हातारे सरकले आणि त्यांनी तिला जागा करून दिली.