पडद्याच्या कोपऱ्यातला ठिपका

मिरजेच्या चित्रपट मंडळाची सिनेमा दाखवायची जुनी मशीनं मोडीत निघणार होती. शेवटचा खेळ जुन्या हॉलिवूडमधल्या सर्वांत थोर नायकाचा लावायचा ठरलं. पण थोर कोण? शेवटी दोन सिनेमे उरले: एकाचा नायक वकील, दुसऱ्याचा स्टेशनमास्तर.

"कोर्टात गर्जणारा तो वकील!" अध्यक्ष आगाशे टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "तो अबोल स्टेशनमास्तर म्हणजे नुसता लाकडाचा ओंडका!"

मशीन चालवणाऱ्या मुजावरचाचांकडे वळून आगाशे हसले. "काय चाचा, तुम्हाला काय कळतंय अभिनयातलं?"

"काही नाही साहेब. रीळ संपताना पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसतो, तेव्हा दुसरं मशीन सुरू करायचं, एवढंच कळतं. तीस वर्षांत तो माझ्याकडून एकदाच चुकला, स्टेशनमास्तरला बघण्याच्या नादात. पडदा पांढराफटक! लोकांनी शिट्ट्या मारून थिएटर डोक्यावर घेतलं."

"म्हणजे स्वतःची चूक सांगताय!"

"हो. पण पहिल्या रांगेत एकजण डोळ्यांना रुमाल लावून त्या कोऱ्या पडद्याकडेच बघत होते. ते तुम्ही, साहेब."

आगाशे आधी लाल झाले, मग खो खो हसत सुटले. "लावा स्टेशनमास्तर! पण या वेळी ठिपका चुकवू नका."

"नाही चुकवत. तुम्ही तेवढे दोन रुमाल आणा."