दस्तगीरचाचांनी विचारलं, कितीदा?

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हेळेवाडीला तेव्हा बैलगाडीचीही धड वाट नव्हती, आणि रानडुकरं माणसांपेक्षा जास्त होती. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी नाही. सांगणारे मात्र घरोघर आहेत, आणि प्रत्येकाला आपलीच हकीकत खरी वाटते. मी आपली माझी सांगतो.

गावाच्या खालच्या अंगाला उंबराखाली दस्तगीर शिकलगार राहायचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. धंदा हत्यारांना धार लावायचा, पण खरा जीव बंदुकांवर. चाचा बंदुकीचा दस्ता दातांत धरत, डोळे मिटत, हळूच चाप ओढत आणि आतली कुठली कमान थकली आहे ते सांगत, असं म्हणतात. दहा कोसांवरून लोक येत. जुन्या बंदुकीला कानस लावायची म्हटलं की चाचांच्या कपाळाला आठी पडे. "ज्यानं घडवली त्यो येडा नव्हता," ते म्हणत. "आधी त्याच्या मनात काय हुतं ते बघू." मग बघत बसत, कधी दोन दिवस, कधी आठ. गिऱ्हाईक वैतागून जाई, पण बंदूक नीट होऊन जाई.

गावचे पाटील बयाजी. त्यांच्याकडे एक दुनळी होती. देश सोडून निघालेल्या कुण्या साहेबानं ती दिली होती. दोन नळ्या म्हटल्यावर दोन चाप असायचे, ही साऱ्या मुलखाची रीत. पण हिला चाप एकच. पहिल्यांदा ओढला की उजवी नळी सुटे, पुन्हा ओढला की डावी. गावानं तिचं नावच ‘एकचापी’ ठेवलं. पाटलांना तिचा भारी अभिमान. खंडेनवमीला ते स्वतः तिची पूजा करत. आपल्या शिकाऱ्याखेरीज कुणाला हात लावू देत नसत.

पाटलांचा शिकारी धाकू नाईक. त्याच्यासारखा नेम पंचक्रोशीत नव्हता. एकदा शिकारीच्या वाट्यावरून पाटलांचे धाकटे भाऊ रायाजी यांनी चारचौघांत धाकूच्या कानशिलात मारली. धाकू काही बोलला नाही. तो बोलला नाही, हेच पुढं त्याच्या अंगाशी आलं.

आठ दिवसांनी हाका घातला. रान उठवणारे खालून ओरडत निघाले. रायाजी वरच्या अंगाला आंब्यावरच्या मचाणावर बसले होते आणि धाकू एकचापी घेऊन खाली उभा होता. डुक्कर मधूनच फुटलं. धाकूनं बार काढला, डुक्कर जागेवर पडलं. पण त्याच क्षणी दुसरा बारही सुटला. पहिल्या बारानं नळी वर उचलली होती. दुसरी गोळी आंब्यात गेली आणि रायाजी मचाणावरून खाली आले ते गतप्राण होऊनच.

धाकूला देवीच्या देवळाच्या पायरीवर बांधून उभा केला. पाटील आणि चार पंच समोर बसले.

"म्या चाप येकदाच वडला," धाकू म्हणाला. "दुसरा बार कसा सुटला, मला ठावं न्हाई. देवीच्यान."

"बार दोन, आन चाप येकदा?" पाटील गरजले. "त्या कानशिलाचा राग मनात धरून माझा भाऊ मारलास, वर देवीची खोटी आन घेतोस?"

दुसऱ्या दिवशी त्याला संस्थानच्या हवाली करायचं ठरलं. तिथं अशा माणसाला फासावर द्यायला वेळ लागत नसे.

तेवढ्यात गर्दीतून चाचा पुढं आले आणि म्हणाले, "बंदूक मला बघू द्या." पाटलांनी नाइलाजानं दिली. चाचांनी दस्ता दातांत धरला आणि डोळे मिटले. देवळाची सावली पायरीवरून अंगणात उतरली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत, असं म्हणतात. मग म्हणाले, "हिच्यात काय तरी झोपलंय."

लोक हसले. चाचांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी दोन काडतुसं पाठमोरे होऊन भरली, बंदूक पाटलांच्या हातात दिली आणि देवळामागचा मातीचा बांध दाखवला.

"पाटील, त्या बांधावर येक बार काढा. येकच. चाप येकदाच वडा."

पाटलांनी खांद्याला लावली आणि बार काढला. आवाज एकच झाला.

"कितीदा वडलासा?" चाचांनी विचारलं.

"येकदा."

"देवीच्यान?"

"देवीच्यान येकदाच."

चाचांनी बंदूक उघडली. डाव्या नळीतल्या काडतुसात ना दारू होती ना गोळी, मागची टोपी तेवढी होती. त्या टोपीवर ठोका बसला होता. खोल, स्पष्ट, वाटाण्यानं दाबावा तसा. म्हणजे चाप दुसऱ्यांदाही ओढला गेला होता.

पाटलांचा विश्वास बसेना. मग एकेका पंचानं बार काढला. चौघांनीही पायरीवर हात ठेवून एकदाच म्हणून सांगितलं, आणि चारही टोप्यांवर ठोका निघाला. देवीसमोर पाच खोटे आणि एक खोटा, एवढाच काय तो फरक उरला होता.

"कुणीबी खोटं बोललं न्हाई," चाचा म्हणाले. "बार सुटला की बंदूक खांद्यावर आपटती आन परत पुढं येती. त्या हिसक्यात बोट आपसूक चाप दाबतं. मालकाला पत्ताच नसतो. घडवणाऱ्याला ह्ये ठावं हुतं."

त्यांनी तिथंच पांढरं फडकं अंथरलं, स्क्रू सोडवले आणि आतून चिंचोक्याएवढं लोखंड काढलं. हिसका बसला की हे लोखंड झुकून दुसऱ्या नळीची वाट क्षणभर अडवायचं, बोटाची ती चोरटी ओढ गिळून टाकायचं. पण ते हलत नव्हतं. त्याच्याभोवती लाल, चिकट, गुळासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. चाचांनी सुईनं ते सोडवून फडक्यावर ठेवलं. खोबरेल आणि कुंकू. एका वर्षाचं नव्हे, कितीतरी वर्षांचं.

चाचांनी कुणाचं नाव घेतलं नाही. फडक्याकडं बघत बसले.

पाटील उठले. त्यांनी तो लाल गोळा बोटावर घेतला. "ह्ये माझ्या हातचं हाय," ते म्हणाले. "दर खंडेनवमीला मीच... चापावर तेल वततो, कुंकू लावतो. देवाचं हाय म्हनून भरपूर." एवढा दांडगा माणूस, सगळ्या गावादेखत रडला. धाकूचे हात त्यांनी स्वतः सोडले. बंदूक उचलून विहिरीत टाकायला निघाले, तर चाचांनी ती घट्ट धरली.

"हिला काय कळतंय, पाटील? हिची चूक न्हाई. तुमचीबी न्हाई."

रॉकेलमध्ये तो चिंचोका धुऊन, कोंबडीच्या पिसानं घड्याळाच्या तेलाचा एक थेंब लावून चाचांनी बंदूक पुन्हा जुळवली. कानस लावली नाही, साहेबाच्या देशातला एकही तुकडा बदलला नाही. पाटलांनी पुन्हा बार काढला. या वेळी डावी टोपी कोरी निघाली.

चाचा पुढं कधी गेले, त्यांना कुठं पुरलं, याबद्दल गावात चार मतं आहेत. कुणी म्हणतात ते गेलेच नाहीत, उंबराला कान लावला की अजून चापाचा आवाज येतो. मी लावून पाहिलाय. मला मुंग्या चावल्या.

पण एक गोष्ट खरी. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारावर तेल ओतत नाहीत. लाकडावर कोरड्या कुंकवाचं एक बोट, बस्स. आणि गावात साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस आन घेत नाही. तालुक्याच्या कोर्टात वकील त्यावरून चिडतात, तरी आमची माणसं ऐकत नाहीत. पूजा झाली की पाटलांच्या घरचा कर्ता एकचापी घेऊन बांधावर एक बार काढतो. धाकू नाइकाच्या घरचा माणूस त्याच्यासमोर उभा राहून विचारतो, "कितीदा?"

पाटील बंदूक उघडायच्या आधी सगळ्या गावादेखत सांगतो, "मला वाटतं, येकदा."