सरळ उभे खुंटे

“पण उस्ताद, चांगला सरळ खुंटा वाकवलात कशाला?”

नंदिता सरपोतदारचा आवाज चढला होता. नव्या पुलाच्या लोखंडी तुळयांवर अंगठ्याएवढे जाड खुंटे तिने आठवडाभर उन्हात उभं राहून वेल्ड करून घेतले होते. दोरी धरल्यासारख्या ओळीत. उद्या त्यांच्यावर काँक्रीट पडायचं होतं.

शब्बीर उस्तादांनी चाळीस वर्षं पुलांचं वेल्डिंग तपासलं होतं. ती त्यांच्याच हाताखाली शिकत होती. त्यांनी घण खाली टेकवला.

“काय काम यांचं?”

“वरचं काँक्रीट लोखंडावरून सरकू द्यायचं नाही. मग दोन्ही मिळून भार घेतात.”

“म्हणजे जोर आडवा येणार.”

“हो.”

“मीही आडवाच मारला.”

तिने वाकून पाहिलं. वाकलेल्या खुंट्याच्या बुडाशी साधी चीरही नव्हती.

“हा सरळ करून घेऊ?”

“कशाला? हा झाला तपासून.”

उस्ताद पुढे सरकले. दुसरा वाकला. तिसरा वाकला. चौथा मात्र टणकन उडून तिच्या बुटापाशी पडला. बुडाशी वेल्डने लोखंड धरलंच नव्हतं.

“एखादा निघतो असा,” ती म्हणाली.

उस्तादांनी घण तिच्या हातात दिला.

ही गुरुवारची ओळ. त्या सकाळी दाट धुकं होतं, तुळई दवाने ओली होती. वेल्डर थांबूया म्हणाला होता. तिनेच थांबू दिलं नव्हतं...

ती ओळीच्या टोकापर्यंत एकेक खुंटा ठोकत गेली. आणखी अकरा उडाले. तळहाताला फोड आले.

मग तिने मोठ्या साहेबांना फोन लावला.

“सर, उद्याचं काँक्रीट थांबवा. सगळं तपासलं म्हणून सही मी केली होती. तपासलं नव्हतं.”

पलीकडचं बोलणं तिने बराच वेळ ऐकलं. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता.

उस्ताद तुळईवर बसून पाणी पीत होते. त्यांनी बाटली पुढे केली. तिने घेतली नाही.

“काँक्रीटखाली गेल्यावर कुणाला कळलंही नसतं, उस्ताद.”

“नसतं कळलं.”

“आणि आता सगळ्यांना कळलं. माझ्या सहीवर यापुढे कोण विश्वास ठेवणार?”

“मी ठेवीन, बेटा. सकाळपर्यंत ठेवत नव्हतो.”