दंडातले दोघे भाऊ

फार पूर्वी सयाजी पाथरवटाच्या उजव्या दंडात दोन स्नायू भाऊ राहत. पुढचा आकसला की कोपर वाकायचं, मागचा आकसला की ते सरळ व्हायचं. दगड उचलताना पुढचा टरारून फुगे आणि लोक त्याचंच कौतुक करत.

"सगळं ओझं मी उचलतो. तू नुसता सैल पडून असतोस," एकदा तो मागच्याला म्हणाला.

"मी सैल सोडतो म्हणून तुला आकसता येतं रे. आपल्याला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं."

पुढचा हसला.

पुढे खाणीतली शिळा सयाजीच्या खांद्यावर कोसळली. मागच्या स्नायूकडे जाणारी नस तुटली. मेंदूचा निरोप येईना आणि तो दिवसेंदिवस वाळत गेला.

चैत्रात सयाजीची लेक येसू सासरी निघाली. बैलगाडीत बसल्यावर तिने मान वाकवली.

"आबा, डोक्यावर हात ठेवा ना."

सयाजीने हात वर उचलला, पण कोपर सरळ होईना.

"दादा, एकदाच ओढ रे!" पुढचा स्नायू कळवळून म्हणाला. मागचा तसूभरही हलला नाही. मग त्याने स्वतःच जीव खाऊन जोर लावला, तसा हात येसूपासून आणखी दूर, सयाजीच्याच छातीशी आला.

गाडीवानाने बैल हाकले.